कुठून आलं ते विचारायचं नाही

सर खुर्चीत बसले की उजवा हात टेबलावर उताणा ठेवायचे. नवीन माणसाला वाटायचं, हस्तरेषा दाखवताहेत. जुन्यांना ठाऊक होतं की त्यांना काहीतरी हवं आहे. काय हवं आहे ते सांगायची पद्धत नव्हती. वेळेवरून आणि चेहऱ्यावरून आपणच ओळखायचं. सकाळ असेल तर चहा, बैठक असेल तर पेन, दुपार टळली असेल तर बडीशेप. वस्तू हातावर पडली की बोटं मिटायची. नाही पडली तर हात तसाच उताणा राहायचा, आणि तो पाहून लाज आपल्याला वाटायची. त्यांना मुळीच नाही.

आमची सॉफ्टवेअर कंपनी अमरावतीला राजापेठेकडे, एका रसवंतीच्या वरच्या मजल्यावर. मालकांनी भिंतीवर इंग्रजीत ध्येयवाक्य लावलं होतं. त्यात 'जग' दोनदा आणि 'भविष्य' एकदा येत होतं, आणि ते वाचताना खालून चरकाची घुंगरं वाजत. सरांच्या कार्डावर मालकांनी 'प्रिन्सिपल आर्किटेक्ट' असं छापून घेतलं. सरांनी ते कार्ड उलटंसुलटं पाहिलं. "म्या त आयुष्यात एक न्हाणी नाही बांधली," म्हणाले, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मला जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला घेतली. पेन अर्थात माझं.

ते वलगावला राहायचे. पूर्वी कुठल्याशा तंत्रनिकेतनात शिकवत. स्वतःची गाडी नव्हती. सकाळी फाट्यावर उभे राहायचे, पण हात दाखवायचे नाहीत. कोणीतरी थांबायचंच. कधी दूधवाला, कधी तहसीलातला शिपाई, एकदा तर वरातीची रिकामी जीप. कोणाच्या मागे बसून आलात असं विचारलं की त्यांना खरंच सांगता यायचं नाही. "थांबला तो. आपल्याले काय करायचं, कोन व्हय अन् कुठचा व्हय?"

हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं आणि त्याला त्यांनी नियमाचं रूप दिलं होतं: माणसानं आणू नये, मागू नये. भेटलं पाहिजे. आणि भेटलं की कुठून आलं ते विचारायचं नाही.

आता हा आळशीपणाला दिलेला पोशाख आहे असं मलाही वाटलं होतं. पण आमच्या धंद्यात हाच नियम खरोखर आहे आणि त्याला डिपेंडन्सी इंजेक्शन असं भारदस्त नाव आहे. सर ते लग्नाच्या स्वयंपाकावरून समजावून सांगायचे.

"हे पाहा बाई," मला ते पहिल्या दिवसापासून बाई म्हणत, तेव्हा मी बावीसचीसुद्धा नसेन, "आचारी बाजारात जाते का? नाही. त्याले नवरीचा बाप तांदूळ देते, तेल देते, हातावर आणून देते. आचाऱ्याचं काम रांधायचं. तो सोताच बाजारात गेला, त एका दुकानाशी बांधल्या गेला. उद्या दुकान बंद, त भात बंद. प्रोग्रामचंही तसंच. डेटाबेस, म्हंजे माहितीचं कोठार, पायजे ना? त्यानं जाऊन आणू नये. बाहेरून हातावर द्यावा."

उदाहरण चांगलं होतं. फक्त सर ते जगायला निघाले होते. चांदूर रेल्वेला आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात मी त्यांच्या शेजारी पंगतीला बसले. वाढपी वरण घेऊन आमच्यासमोरून गेला तो थेट पंगतीच्या टोकाला. सर कोरडा भात खात राहिले. मी खुणावलं, मग हळूच म्हणाले, "सर, वरण मागा ना." ते म्हणाले, "मागितलेलं वरण अन् भेटलेलं वरण यात फरक हाये बाई." मुलीचे काका धावत आले, हात जोडले, चूक झाली म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, "चूक काहून? भात चांगला आहे." काकांचं तोंड इतकंसं झालं. मी पत्रावळीत मान घातली ती वर काढलीच नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं की या माणसामुळे याहून जास्त लाज वाटणं शक्य नाही.

अकोल्याचं काम पुढच्याच हिवाळ्यात आलं. एक छोटं डायलिसिस केंद्र होतं, विश्वस्तांनी चालवलेलं. मूत्रपिंड निकामी झालेली माणसं आठवड्यातून दोनदा-तीनदा तिथं येतात, खाटेवर चार तास पडतात, यंत्र त्यांचं रक्त धुऊन देतं. बाळापूर, पातूर, बार्शीटाकळीकडून पहाटेची गाडी धरून येतात. एक पाळी चुकली की पायांवर सूज, दोन चुकल्या की श्वास. कोणाचा कोणता वार, कोणती वेळ, कोणती खाट, हे सांभाळणारा प्रोग्राम आम्ही लिहिला होता. प्रतीक्षागृहात टीव्ही लावलेला होता, त्यावर उद्याच्या पाळ्या नावांसकट दिसत.

असा प्रोग्राम सुटा सुटा तपासून भागत नाही. भाजीची चव वेगळी, वरणाची वेगळी, पण अख्खी पंगत उठते का ते पाहावं लागतं. त्याला इंटिग्रेशन टेस्ट म्हणतात. त्यासाठी चाचणीचा वेगळा डेटाबेस असतो. सुरुवातीला एकदाच तो धुऊन पुसून रिकामा करायचा, त्यात खोटे रुग्ण भरायचे, आणि मग एकामागून एक चाचण्या घ्यायच्या. चूल एकदा खणायची, पंगती कितीही उठवायच्या.

खोट्या रुग्णांची नावं सरांनी ठेवली होती. श्री. दोडका. सौ. गवार. कु. मेथी. श्री. सुरण, वय सत्तर. मालकांना हे पोरकट वाटलं. सर म्हणाले, "खोटा माणूस खोटा दिसला पायजे." या एका वाक्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

अडचण चुलीची होती. जावात ते 'एकदाच' करायचं काम, रिवाजाप्रमाणे, चाचणीची वस्तू जन्माला यायच्या आधी चालतं. म्हणजे आचारीच आलेला नाही, आणि चूल खणायची वेळ झाली. तेल-तांदूळ हातावर द्यायचे तर हातच नाहीत. म्हणून आम्ही तेव्हा सगळे करतात तेच केलं होतं. त्या जागी चाचणीच्या डेटाबेसचा पत्ता स्वतःच लिहून टाकला होता. आचाऱ्यानं पिशवीतून आपलं मीठ आणावं तसं.

सरांना त्याची लाज वाटायची. खरोखरची. कोणी पाहुणा प्रोग्रामर आला की ते फाईलचा तेवढा भाग पडद्यावरून वर सरकवत, जसं घरात पाहुणे आले की आपण फाटकी उशी मागे सरकवतो. "एवढं सगळं हातावर देऊन राहिलो, अन् हे एक चोरून आणलेलं," म्हणायचे.

त्या रविवारी आम्ही दोघं बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो. नवी आवृत्ती बसवायची होती आणि रविवारी केंद्र बंद असतं. किल्ली घेऊन तिथल्या सिस्टर आल्या होत्या. सरांचा आणखी एक नियम होता, जिथं जेवायचं तिथंच चव पाहायची. म्हणून चाचण्या केंद्राच्याच संगणकावर घ्यायच्या. तिथं कोपऱ्यात आमचा चाचणीचा डेटाबेस होताच, आणि आजवर ते सुरळीत झालं होतं.

गाडीत मूर्तिजापूरच्या अलीकडे सरांना उपाय सुचला होता. खरं म्हणजे तो पुस्तकातलाच आहे. एका ओळीत जावाला सांगायचं की सगळ्या पंगतींना एकच आचारी, तो आधीपासून हजर धर. मग चूल खणताना त्याचे हात असतात आणि हातावर सामान देता येतं. केंद्रात बसल्यावर त्यांनी ती ओळ घातली, आमचा तो लिहून ठेवलेला पत्ता पुसला आणि त्या जागी, जे बाहेरून हातावर येईल ते घे, असं लिहिलं. इतका नीटनेटका कोड मी क्वचित पाहिला आहे. मी तसं म्हणालेही. ते लाजले. त्यांना खुशीत लाजताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

चाचण्या सुरू केल्या. एकामागून एक हिरव्या खुणा. एकही लाल नाही. सरांनी हात उताणा ठेवला आणि मी त्यावर बडीशेप ठेवली.

बाहेरून सिस्टरांचा आवाज आला. "सर, हा दोडका कोन व्हय?"

मी दारातून टीव्हीकडे डोकावले.

"उद्या सकाळी, खाट चार, श्री. दोडका," त्या टीव्ही वाचत होत्या. "खाट पाच, सौ. गवार. अगं माय. कु. मेथी. तुमी गंमत करून राहिले काय?"

केंद्राचा संगणक तो. त्यावर बाहेरून हातावर काय येणार? केंद्राचा खरा डेटाबेस. आमच्या नीटनेटक्या आचाऱ्यानं तो घेतला, कुठून आला ते विचारलं नाही, धुऊन पुसून रिकामा केला आणि त्यात भाज्या भरल्या. मग सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या, कारण सगळं अगदी अपेक्षेप्रमाणे होतं. आजवर केंद्र वाचलं होतं ते आम्ही उशीसारखं लपवत होतो त्या एका ओळीमुळे.

डेटाबेसची राखीव प्रत होती, पण डिस्क भरल्यानं ती निघायची कधीचीच थांबली होती. मिळाली ती काही आठवड्यांपूर्वीची. त्यानंतर कोणाचे वार बदलले होते, नवे रुग्ण आले होते. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माणसं गाड्या धरून निघणार होती.

मी मालकांना फोन लावला. ते एका क्षणात सावरले. मोठ्या माणसांचं हेच तर वैशिष्ट्य. म्हणाले, "एक मेल टाक डॉक्टरांना. सर्व्हर साईडला टेक्निकल इश्यू आला, आमची टीम काम करून राहिली." सर्व्हर डाऊन हे आपल्याकडचं सर्वांत लोकप्रिय दैवत आहे. बँकेत, सेतूत, रेल्वेच्या खिडकीवर त्याचं नाव घेतलं की कोणी पुढं काही विचारत नाही. मी मेल लिहिला. चांगला लिहिला. इंग्रजीत कर्मणी प्रयोग केला की कर्ता सांगायची गरज नसते, ही सोय मला तोवर इतकी जाणवली नव्हती.

सर खुर्चीतून उठले. सिस्टरांच्या टेबलापाशी गेले आणि उभ्यानं म्हणाले, "सिस्टर, मले तुमचा फोन द्या."

मी त्यांना काही मागताना ऐकलं ते पहिल्यांदा.

जुन्या प्रतीत नंबर होते. सर एकेकाला फोन लावत गेले. "नमस्कार. अकोल्याहून डायलिसिसच्या दवाखान्यातून बोलून राहिलो. माझ्या हातून तुमची पाळी पुसल्या गेली. तुमचा वार कोन्ता, सांगता का?" प्रत्येक फोनला हेच, ह्याच शब्दांत. सिस्टरांना राहवलं नाही. "सर, एवढं काहून सांगता? कॉम्प्युटर बिघडला म्हना ना. चालते."

"कॉम्प्युटर नाही बिघडला," सर म्हणाले, आणि पुढचा नंबर फिरवला.

मी शेजारी बसून लिहून घेत होते. मेल गेलेला होता.

कोणी रागावेल या आशेवर मी होते. रागावलं की हिशेब फिटल्यासारखं वाटतं. कोणी रागावलं नाही. एक जण म्हणाले, "होते साहेब, मानूस हाय." एकानं वर सरांनाच विचारलं, "जेवले का?" आणि त्यांना केवळ स्वतःचे वार ठाऊक नव्हते. चार-चार तास शेजारी पडून त्यांना एकमेकांचं सगळं ठाऊक झालं होतं. "माझ्या उजव्या खाटेवर पातूरचे मास्तर असतात, त्यांचा वार आता शुक्रवार केला." "खिडकीपाशी एक नवीन पोरगी येते, कॉलेजात आहे, तिचा भाऊ एसटीत कंडक्टर." असं करत करत, संध्याकाळपर्यंत, खाटेला खाट लागत गेली. आमचा डेटाबेस पुसला होता, त्यांचा नव्हता.

एकच जागा रिकामी राहिली. सोमवार सकाळ, खाट चार. दोडक्याची. एक नवी म्हातारी तिथं येते, सुनेबरोबर, एवढं सिस्टरांना आठवत होतं. नाव आठवेना. शेवटी बाळापूरकडच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं, "ती माझ्या साळ्याच्या गावची. महानुभाव पंथाचे लोक आहेत. नंबर देतो." फोन सुनेनं उचलला. हो, उद्या सकाळीच, म्हणाली. सर थँक्यू म्हणाले नाहीत. बराच वेळ फोन कानाला लावून बसले. तिकडून तो केव्हाच ठेवलेला होता.

डॉक्टर संध्याकाळी आले. सज्जन माणूस. माझा मेल वाचून आले होते. "सर्व्हरला काहीतरी झालं म्हणे," ते मला म्हणाले. मी मान हलवली की नाही, मला सांगता येणार नाही. मग ते सरांशी बोलून परत आले आणि म्हणाले, "तुमचे सर तर म्हणतात, त्यांनीच पुसलं." ते हसत होते. त्यांनी ते हसण्यावारी नेलं आणि आम्हाला चहा मागवला. तो चहा मी प्यायले कशी कोण जाणे.

नंतर सर कंपनीत बरेच दिवस होते. कोणी काढलं नाही. मालकांनी तर त्या प्रसंगाचं एका सभेत 'लर्निंग' असं नामकरण केलं आणि त्यावर पडदाभर बाण काढले. पण सरांचा हात टेबलावर उताणा दिसेनासा झाला. ते खिशाला पेन लावून यायला लागले. निळं, झाकणाचं. एक दिवस तर स्वतःच्या स्कूटरवर आले, वलगावपासून. ऑफिसात सगळे म्हणाले, सर सुधारले. मला ते खिशातलं पेन पाहवायचं नाही. कोणाचा तरी पाय कापल्यावर बाकीच्यांनी त्याच्या नव्या कुबडीचं कौतुक करावं तसं वाटायचं.

कोडमधली ती सुंदर ओळ त्यांनी काढली नाही. आचारी आधीपासून हजर, सामान हातावर, हे तसंच ठेवलं. फक्त पुसायच्या आधी एक प्रश्न घातला. हातावर आलेल्या डेटाबेसला प्रोग्राम आधी त्याचं नाव विचारतो. ते चाचणीचं नसेल तर जागीच थांबतो आणि पडद्यावर सरांनी लिहिलेली एक ओळ येते: 'कोठचं व्हय हे, माय?' ती ओळ आजही येते. नव्या मुलांना वाटतं, हा कोणाचा तरी विनोद आहे. मी पुण्याच्या ग्राहकांना दाखवताना ती इंग्रजीत करावी असं मालकांनी दोनदा सुचवलं. मी ऐकलं नाही, आणि का नाही ते त्यांना सांगितलंही नाही. सांगायचं तर सोमवारची सकाळ सांगावी लागली असती.

सोमवारी सकाळी आम्ही केंद्राच्या दारात बसलो होतो. सर रात्री अकोल्यातच थांबायचं म्हणाले होते. एकही माणूस चुकीच्या खाटेवर जाऊ नये म्हणून. माणसं येत गेली. माझ्या हातातल्या कागदाशी ताडून सिस्टर त्यांना आत पाठवत गेल्या. सगळं जुळत होतं. खाट चार तेवढी रिकामी होती, आणि सरांची नजर फाटकावर.

म्हातारी उशिरा आली. गाडी पंक्चर झाली होती. सुनेच्या खांद्याला धरून, पावलांवर सूज, पण पदर नीट. सुनेनं सरांकडे बोट दाखवलं असावं. ती थेट आमच्याकडे आली.

"दंडवत. तुमीच का फोन केला होता?"

सर उभे राहिले. "हो माय. माझ्या हातून…"

"म्या सुनेले म्हटलं, पाय, कशी मानसं हायेत. म्हातारीचा वार कोन्ता, ध्यान ठेवून इचारून राहिले. आमच्या घरचं कोनी नाही इचारत." सून कसनुसं हसली.

"ध्यान ठेवून नाही माय," सर म्हणाले. "माझ्या हातून तुमचं नाव पुसल्या गेलं होतं. म्हनून इचारलं."

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला कळलं नसेल असं मला क्षणभर वाटलं. "पुसलं त पुसलं," ती म्हणाली. "इचारलं ना?"

मग तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. "हे घ्या, परसाद हाय. मले डाक्टरनं खोबरं मना केलं." सरांचा हात, सवयीनं असेल, उताणा पुढं झाला. त्यावर तिनं खोबऱ्याचा तुकडा आणि चार साखरेचे दाणे ठेवले.

बोटं मिटली नाहीत. सर हाताकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्या हातावर काय काय ठेवलं गेलं होतं.

"कोठचं व्हय हे, माय?" त्यांनी विचारलं.

"रिद्धपूरचं," म्हातारी म्हणाली. "काहून?"

"काही नाही," सर म्हणाले. "इचारलं."

त्यांनी ते तोंडात टाकलं. ती माझ्याकडे वळली आणि माझ्यासमोर मूठ धरली. माझ्या एका हातात फोन होता, ज्यावरून मेल गेला तो, दुसऱ्या हातात कागद. फोन खाली ठेवायला मला फार वेळ लागला.